सातव्यावर दोन

१

चार गायी लसूणघासात आडव्या पडल्या होत्या. पोटं नगाऱ्यासारखी ताणलेली, वरच्या बाजूचे पाय हवेत ताठ. पाचवी अजून उभी होती, पण जीभ बाहेर आली होती आणि श्वास तोंडानं चालला होता. गाडीचं दार लावायच्या फंदात न पडता मी पिशवी घेऊन तिच्याकडे धावले. धावले म्हणजे काय, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीन आठवडे धड झोप नसताना माणूस जेवढं धावू शकतं तेवढं. गायी विण्याचा हंगाम होता आणि अख्ख्या टापूत जनावरांची डॉक्टर मी एकटीच.

डाव्या कुशीत नळी खुपसली. फस्सकन वायू सुटला. गाय आधी दचकली, मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं की उशीर का केलास. ती वाचली. बाकीच्यांना नळीनं तेल पाजता पाजता नऊ वाजून गेले. चोवीसांतल्या वीस राहिल्या.

पोटफुगी. रिकाम्या पोटी दंव पडलेला लसूणघास खाल्ला की तासाभरात गाय जाते. गायी पाळणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून तर कुरण आणि लसूणघासाचं शेत यांच्यामध्ये तारेचं कुंपण होतं, झाडांची दाट रांग होती आणि एक लोखंडी फाटक होतं. ते फाटक आता सताड उघडं होतं.

"धाकट्याच्या खेळाडूंनी मारल्या माझ्या गायी," थोरला म्हणाला. तो एका मेलेल्या गाईच्या मानेवर हात ठेवून बसला होता. आवाजात राग नव्हता. एखादा मजकूर वाचून दाखवावा तसा बोलला.

हे शेत दोघा भावांचं. थोरला बावन्नचा, वडील गेल्यापासून एकतीस वर्षं दोन्ही वेळच्या धारा त्याच्याच. धाकटा चाळिशीचा. चार वर्षांपूर्वी त्यानं शेतभर नऊ लोखंडी खांब रोवले. खांबावर साखळ्यांची झालर, खाली जाळीची टोपली. लोक लांबून तबकडी फेकत यायचे. कमीत कमी फेकींत ती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली पाहिजे, एवढाच खेळ. पहिल्या तीन टोपल्या फळबागेत, पुढच्या तीन कुरणात, सातवी लसूणघासाच्या पलीकडच्या टोकाला, शेवटच्या दोन तळ्याकाठी. खेळाडू गायींमधून वाट काढायचे, गायी त्यांच्याकडे बघत रवंथ करायच्या. प्रत्येक फलकावर लाल अक्षरांत एकच सूचना होती: फाटक लावा.

"सहावं झालं की सातव्याला जायला ह्याच फाटकातून जावं लागतं," थोरला म्हणाला. "दुसरा रस्ताच नाही. कुणीतरी गेलं आणि उघडं टाकून गेलं. लिहा तुमच्या कागदावर."

धाकटा तेवढ्यात आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, धापा टाकत. शर्टाच्या छातीवर गंजाचा एक उभा पट्टा उठला होता.

"अवजारांच्या खोलीत होतो," मी विचारलंही नव्हतं तरी तो म्हणाला.

"सकाळी खेळायला कोण कोण होतं?"

"दोघंच. बसचा ड्रायव्हर... आणि..." तो थांबला. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला.

मी वळले. झाडांच्या रांगेतून एक बारकीशी म्हातारी बाई येत होती, खांद्याला तबकड्यांची पिशवी. मी सहा वर्षांची असल्यापासून तिला ओळखत होते. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं वाचायला शिकवलं होतं, मलाही. सगळे तिला मोठ्या बाई म्हणत.

बाईंनी चारही गायींकडे एकेक करून पाहिलं, वर्गात हजेरी घ्यावी तसं. मग म्हणाल्या, "फाटक मी उघडं टाकलं."

२

मी त्यांना माझ्या गाडीत बसवलं. पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती, पण वाक्यं सरळ होती.

"नीट आठवतंय का बाई?"

"नाही. तेच तर." त्यांनी बाहेर बघितलं. "चिमणे, मला आजकाल नीट काहीच आठवत नाही. परवा शेगडी चालू राहिली. त्याच्या आधी नळ. काल मुलीला मी दोनदा एकच गोष्ट सांगितली आणि दुसऱ्यांदा ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसली. बिचारी."

चिमणी हे त्यांनी मला पहिलीत दिलेलं नाव. माझं वजन आता चिमणीच्या हिशोबातलं राहिलं नाही, पण नाव बदलायचं त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

"मग तुम्हीच उघडं टाकलं असं कशावरून?"

त्यांनी पिशवीतून गुणांचा कागद काढला. एकाहत्तराव्या वर्षीही आकडे असे, की पाटीवर काढून शिकवावेत. "हे बघ. नऊच्या नऊ खेळले. साडेसहाला सुरुवात केली. सहाव्यावर पाच, सातव्यावर दोन, आठव्यावर पाच. सातवं खेळले म्हणजे फाटकातून गेलेच की. गेले आणि लावायला विसरले. गणित सोपं आहे."

"ड्रायव्हरपण खेळत होता."

"तो माझ्या मागे होता. मी लावलं असतं तर त्यानंही लावलं असतं. तो नियमाचा पक्का आहे. उघडं दिसलं, म्हणून त्याला वाटलं असेल की उघडंच ठेवायचंय. चूक पहिल्याचीच धरतात, चिमणे. मी आयुष्यभर तशीच धरली."

तेवढ्यात त्यांची मुलगी आली. ऑफिसचे कपडे, डोळ्यांखाली काळं. तिनं आईचा हात धरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी मंगळवारी हिला माझ्याकडे घेऊन जातेय. कायमची. आता पुरे झालं. शेगडीपर्यंत ठीक होतं, हे चार जीव गेले."

"तिथे काय करतील त्या?"

"काय करायचंय? बसेल. मी कामावर गेले की शेजारीण लक्ष ठेवेल." मग एकदम तिचा आवाज बसला. "मला काय हौस आहे का, डॉक्टर? दोन वर्षं रात्री फोन उशाशी घेऊन झोपतेय मी."

मी मान हलवली. तिचंही खरं होतं.

मुलीच्या गाडीत बसण्याआधी बाईंनी थोरल्याकडे जाऊन हात जोडले. "मला माफ करा," म्हणाल्या.

थोरल्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. आणि धाकटा, ज्यानं चार वर्षं बाईंना दर शनिवारी पहिला चहा स्वतः आणून दिला होता, तो त्यांच्या नजरेला नजर न देता फाटकाची कडी चोळत उभा राहिला. त्या कडीला काहीही झालेलं नव्हतं.

३

जनावर मेल्याच्या दाखल्यात एक रकाना असतो: घटना कशी घडली. तो भरला की माझं काम संपणार होतं आणि मला घरी जाऊन झोपता येणार होतं. खरं सांगते, मला तो भरायचाच होता. 'खेळाडूकडून फाटक उघडे राहिले.' चार शब्द. पण एक गाय उघडून बघणं नियमात होतं, ते टाळता आलं नाही.

कोठीपोट, म्हणजे गाईचं पहिलं पोट, उघडलं. आत ओला लसूणघास होता, फेस होता, दुसरं काही नव्हतं. सुक्या चाऱ्याची एक काडी नाही.

हात धुवायला मी दूध काढायच्या खोलीत गेले. तिथे यंत्राच्या नळ्या खुंटीवर लटकत होत्या. कासेला लावायच्या वाट्यांच्या कडेला दुधाची पिवळट साय वाळून चिकटली होती. बोटानं खरवडली तर सालपट निघालं.

थोरला दारात उभा होता.

"सकाळचा क्रम सांगा बघू, दादा," मी म्हणाले. "कागदासाठी."

"साडेचारला धारा सुरू. साडेसहाला गायी कुरणात सोडल्या. त्याआधी गव्हाणीत सुका चारा घातला. रोज घालतो. मग आठपर्यंत इथे यंत्र धूत होतो. बाहेर आलो तर हे."

"आठपर्यंत यंत्र धूत होतात."

"रोज धुतो."

रोज धूत असणारच. एकतीस वर्षं त्याच्या दुधाबद्दल एक तक्रार नव्हती. मी वाळलेल्या सायीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याचा उजवा हात पोटाशी दुमडलेला होता, जखमी पंख सांभाळावा तसा.

"खांदा कधीपासून धरलाय?"

"धरला नाही."

"वर करून दाखवा."

"डॉक्टर, तुम्ही गायींच्या," तो म्हणाला आणि निघून गेला.

म्हणजे दोन खोट्या गोष्टी त्यानं मला सांगितल्या होत्या. चारा घातला नव्हता आणि यंत्र धुतलं नव्हतं. पण एवढ्यावरून काय होतं? दमलेला माणूस काम चुकवतो आणि चुकवलं नाही म्हणून सांगतो. मी स्वतः त्याच आठवड्यात दोनदा तसं केलं होतं. फाटक त्यामुळे उघडत नाही.

दाखला मी कोराच घरी नेला. रकाना रिकामा ठेवायला कारण एकच होतं, आणि ते कारण म्हणून कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. मोठ्या बाईंनी आयुष्यात कधी दार उघडं टाकलेलं मला आठवत नव्हतं. वर्गाचं दार लावायला आम्ही विसरलो की त्या नुसत्या दाराकडे बघायच्या, शब्द नाही. आठवण जाते, पण हाताला लागलेली सवय बरीच मागून जाते. माझी आजी शेवटी मला ओळखत नव्हती, तरी कडी लावल्याशिवाय खोलीतून बाहेर पडत नव्हती.

४

ड्रायव्हर मला सोमवारी दुपारी बसच्या आगारात भेटला. दोन फेऱ्यांमधला अर्धा तास होता आणि तो बाकावर बूट काढून बसला होता. मोठा, शांत माणूस. रात्रपाळी असली की ती संपवून, घरी जाऊन झोपायच्या आधी नऊ टोपल्या खेळायचा.

"मला विचारलंय त्यांनी," तो म्हणाला. "थोरल्यांनी फोन केला होता. फाटक उघडं होतं का बंद? मी सांगितलं, माझं लक्ष नव्हतं."

"समोरून गेलात आणि लक्ष नव्हतं?"

"समोरून कुठे गेलो?"

मी पाण्याची बाटली खाली ठेवली.

"सातव्याला जायचं तर फाटकातून जावं लागतं ना?"

"एरवी लागतं. शनिवारी नव्हतं लागत." त्यानं पाय चोळला. "लसूणघास फार वाढलाय, तबकडी पडली की सापडत नाही. म्हणून सातवं इकडेच आणलं होतं, कुरणात, तळ्याच्या बाजूला. सहाव्यापाशी पाटी लावली होती, सातवं तात्पुरतं इकडे, बाण काढून. साधंच होतं. मी दोन फेकींत टाकली."

"दोन?"

"आता हसाल. एरवीचं सातवं म्हणजे आमची सासू. कितीही चांगलं वागा, पाचच्या खाली काही देत नाही. चार वर्षांत तिथे कुणी चारसुद्धा केले नाहीत."

माझ्या डोळ्यांसमोर बाईंचे ते वळणदार आकडे आले. सहाव्यावर पाच. सातव्यावर दोन.

दोन! बाई लसूणघासाच्या बाजूला गेल्याच नव्हत्या. फाटकाला त्यांचा हातसुद्धा लागला नव्हता. शंभर वेळा चाललेली वाट त्यांना आठवली आणि त्या दिवशी खरोखर चाललेली वाट पुसली गेली.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?" तो खरंच गोंधळला. "मला विचारलं, उघडं का बंद. बाईंनी कबूल केलं म्हणून कानावर आलं. मला वाटलं, पाय मोकळे करायला गेल्या असतील तिकडे. त्यांचं आजकाल... तुम्हाला माहीत आहे."

"तुम्ही सहाव्यापाशी होतात तेव्हा किती वाजले होते?"

"सव्वासात. गायी निघाल्या होत्या फाटकाच्या कोपऱ्याकडे. एकीमागे एक, रांगेनं."

"चरत चरत?"

त्यानं विचार केला. "नाही. चरत नाही. हाक मारल्यावर जातात तशा."

मी उठले तेव्हा गुडघे वाजले. त्या टापूत ह्या गायी एकाच माणसाच्या हाकेला येतात, हे मला वीस वर्षांपासून ठाऊक होतं.

५

धाकटा सातव्या टोपलीपाशी उभा होता. ती आता लसूणघासाच्या पलीकडे, आपल्या जुन्या जागी होती. सहाव्यापाशी पाटी नव्हती.

"शनिवारी सकाळी ही कुठे होती?" मी विचारलं.

त्यानं खांबावर हात ठेवला.

"मी सांगते. तुम्ही ती तळ्याकडे हलवली होती, शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी आठ वाजता दादांची बोंब ऐकून धावत आलात. गायी बाहेर काढल्यात. ते म्हणाले, तुझ्या खेळाडूंनी फाटक उघडं टाकलं. आणि तुम्हाला कळलं की हे होऊच शकत नाही, कारण खेळाडूंना तिकडे जायचंच नव्हतं. मग मी गायींना तेल पाजण्यात गुंतले होते तोवर तुम्ही हा खांब कवटाळून ओल्या घासातून परत इथे आणलात. गंज छातीला लागला. अवजारांच्या खोलीत माणूस गुडघ्यापर्यंत भिजत नाही."

तो टोपलीच्या कडेला टेकला. साखळ्या किणकिणल्या. त्यानं त्या हातानं धरून गप्प केल्या.

"ज्याला टोपली हलवल्याचं ठाऊक होतं, तो खेळाडूंवर आळ घेणारच नाही," मी म्हणाले. "बाईंनी, ड्रायव्हरनी, तुम्ही, तिघांनी ती पाहिली होती. म्हणजे फाटक उघडणारा चौथा. ज्याला वाटत होतं की सातव्याचा रस्ता अजून त्याच फाटकातून जातो. तुमच्या खेळाकडे जो चार वर्षांत फिरकलेला नाही."

"दादाला मी सांगितलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मी त्याला काही सांगत नाही. तो मला काही सांगत नाही. सकाळी मी उठतो तेव्हा धारा झालेल्या असतात. मला वाटायचं, त्याला आवडतं. त्याला कुणी मध्ये आलेलं चालत नाही. खरंच वाटायचं मला."

"आणि बाई?"

"बाई येऊन असं म्हणतील हे कुठे माहीत होतं? मला वाटलं, कुणीतरी खेळाडू, नाव नाही, गाव नाही, आठ दिवस बोलतील आणि विसरतील. खेळ बंद करावा लागला तर करू." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "त्या बोलल्या, आणि माझी जीभच उचलेना. बाईंना वाचवायचं तर दादाला पुढे करावं लागत होतं."

"उद्या त्यांची मुलगी त्यांना घेऊन जातेय."

तो टोपलीवरून उठला. हे त्याला ठाऊक नव्हतं.

"दादांना बोलवा," मी म्हणाले.

"बोलवायला नको," मागून आवाज आला.

६

थोरला घासात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आम्हाला घेऊन फाटकाकडे परतला आणि झाडांखाली उलट्या ठेवलेल्या पत्र्याच्या हौदावर बसला.

"पाचच मिनिटं आत सोडणार होतो," तो म्हणाला.

त्यानं डाव्या हातानं फाटकाकडे बोट केलं.

"थोडा घास तुडवला गेला असता. एखादीचं पोट फुगलं असतं, तर मी नळी घातली असती. घातलीये पूर्वी. मग म्हणता आलं असतं, बघ, तुझ्या खेळानं काय केलं. बंद कर. बंद झालं की हा परत गोठ्यात येईल. एवढंच होतं डोक्यात. फार हुशारीचं वाटलं होतं."

"चारा का घातला नाहीत?"

"गठ्ठे वर आहेत. हात वर जात नाही." त्यानं प्रयत्न करून दाखवला. कोपर खांद्याच्या खालीच अडलं. "आठ दिवस डाव्या हातानं पाडले. शनिवारी नाही झालं. म्हटलं, यंत्र नंतर धुवू, आधी हे उरकू. गायींना हाक मारली, आत घेतल्या. आणि इथे बसलो. ह्याच्यावर. पाच मिनिटं मोजायला."

तो हौदावर तळहात फिरवत राहिला.

"जाग आली तेव्हा ऊन गुडघ्यांवर आलं होतं. ह्या पुढ्यात पडल्या होत्या. तांबडी माझ्या इतक्या जवळ होती की हात लावता आला असता. मेली, आणि मी घोरत होतो."

धाकटा त्याच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "दादा, एकदा म्हणायचं होतंस."

"काय म्हणू?"

"की होत नाही."

"आपल्या घरात गाय आजारी पडते," थोरला म्हणाला. "माणूस नाही. आबा शेवटच्या दिवशी धार काढूनच झोपले होते."

मला राग यायला हवा होता. चार गायी माझ्याच हातांनी जगात आल्या होत्या. पण रागालासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. शिवाय गेल्याच आठवड्यात मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून पाच मिनिटं डोळे मिटले होते आणि दीड तासानं उठले होते. त्या दीड तासात पलीकडच्या शेतावर एक वासरू आडवं अडकून मेलं. दाखल्यात मी लिहिलं, 'पोचण्यास विलंब.' ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"गायींचं मी कागदावर लिहीन," मी म्हणाले. "जे झालं तेच लिहीन. पण बाईंना मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आजच."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "धारांची वेळ होतेय."

"मी काढतो," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि त्याच्या हातात दिला.

७

बाईंच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. पुस्तकं खाली उतरवली होती आणि भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. मुलीनं दार उघडलं, थोरल्याला पाहून ती जरा मागे सरकली.

त्यानं उभ्यानंच सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. टोपली हलवल्याचं मी सांगितलं, आणि सातव्यावरच्या दोनचं. मुलगी खोक्यावर बसली. तिच्या हातातली चिकटपट्टी लोंबत राहिली.

बाईंनी दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले. मग म्हणाल्या, "मी तुमच्यापुढे हात जोडले होते."

"हो, बाई."

"तुम्ही बघत होतात."

"हो."

"तीन दिवस मी माझ्या ह्या हातांकडे बघतेय. म्हणतेय, ह्यांनी चार जीव घेतले आणि मला पत्तासुद्धा नाही. उद्या हे आणखी काय करतील." त्यांचा आवाज चढला नाही, पण मला वर्गात बसल्यासारखं झालं. "ते तुम्ही माझ्याकडून घेतलंत. गायींचं तुमचं तुम्ही बघा. हे माझं होतं."

थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला उजवा हात वर जाईना, डाव्यात टोपी होती. तो तसाच उभा राहिला.

बाई माझ्याकडे वळल्या. "चिमणे, खरं सांग. त्याच सकाळी मी दुसऱ्या जागी खेळले, हातानं दोन लिहिले, आणि दोन तासांनी ते माझ्या डोक्यात नव्हतं. हे तर खरंच ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. मुलगीही माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं, मी खोटं बोलावं असंच तिलाही त्या क्षणी वाटत होतं.

"खरं आहे, बाई."

"हं." त्यांनी मान हलवली. "म्हणजे विसरते मी. पण उघडं टाकत नाही." त्या मुलीला म्हणाल्या, "तुझ्याकडे येईन मी. यावं लागेलच. पण उद्या नाही. हा खेळाचा हंगाम संपू दे. शेगडीला काय ते बटण लावायचं म्हणत होतीस ना, आपोआप बंद होणारं, ते लाव."

मुलगी हसली की रडली, मला कळलं नाही. तिनं चिकटपट्टी खाली ठेवली.

थोरला जायला वळला.

"कुठे निघालात?" बाई म्हणाल्या.

"धारा..." तो अडखळला. "धाकटा काढतोय."

"एकटा?"

"हो."

"येतात का त्याला?"

थोरल्यानं विचार केला. प्रामाणिकपणे केला. "नाही," तो म्हणाला. "फार वेळ लावेल. लाथ खाईल एखादी."

"खाऊ दे," बाई म्हणाल्या. "माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेवा. दोन-चार महिने राहील. विसरले तर ही आठवण करून देईल. पण तुम्हाला उभं राहवत नाहीये. बसा."

तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला. मुलगी आत चहा टाकायला गेली. खिडकीतून संध्याकाळचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर येत होतं आणि तो त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होता. ह्या वेळेला एकतीस वर्षं तो गोठ्यात असे. बाहेरचं ऊन ह्या वेळी कसं असतं, हे त्याला माहीतच नव्हतं.